स्पॅनिश गिटारच्या पोटात नाव कुणाचं असतं?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एक गिटार ठेवलीये, १९१२ सालची, माद्रिदमध्ये बनलेली. स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया ही गिटार घेऊन १९३७ पर्यंत जगभर फिरला, मोठमोठ्या हॉलमध्ये एकट्यानं बसून वाजवली, आणि गिटार हे पण मैफलीचं वाद्य आहे हे लोकांना पटलं ते बऱ्याच अंशी हिच्यामुळेच. मधल्या गोल भोकातून आत डोकावलं की कागदी लेबल दिसतं, त्यावर नाव मानुएल रामिरेझचं. पण गंमत अशी की जाणकारांच्या मते ती मानुएलच्या हातची नाहीच, त्याच्याकडे कामाला असलेल्या सान्तोस एर्नांदेझच्या हातची आहे. दुकान मालकाचं, लाकूड मालकाचं, लेबल मालकाचं, आणि घाम भलत्याचाच. दहा वर्षांनी ती रिपेअरला सान्तोसकडे आली तेव्हा त्यानं आत स्वतःचं दुरुस्तीचं लेबल चिकटवलं, साल १९२२. म्हणजे स्वतः बनवलेल्या गिटारवर बिचाऱ्याचं नाव लागलं ते दुरुस्तीवाला म्हणून!

यात कुणी कुणाला फसवलं असं समजू नका हं, तिथली पद्धतच ती होती. आणि स्पेनमधल्या पारंपरिक गिटार कारागिराचं, त्यांच्या भाषेत गितारेरोचं, करिअर समजून घ्यायचं असेल तर हीच एक गोष्ट धरून चालायला लागतं: तुमचे हात तयार व्हायला लागतात आठ-दहा वर्षं, आणि तुमचं नाव लेबलवर यायला लागतं अर्धं आयुष्य. सान्तोसचा जन्म १८७४ चा. सेगोव्हियाची गिटार बनली तेव्हा तो ३८ वर्षांचा, पूर्ण तयार झालेला कारागीर, आणि माद्रिदमध्ये स्वतःच्या नावानं दुकान थाटलं तेव्हा पंचेचाळिशी उलटून गेलेली.

आता हे लेबल प्रकरण आलं कुठून? फार मागे जायचं तर सोळाव्या शतकात जावं लागेल. सेव्हिल शहराचे धंद्यांचे नियम १५२७ मध्ये छापले गेले, त्यात तंतुवाद्य बनवणाऱ्यांसाठी चक्क परीक्षा लिहून ठेवलीये. उमेदवाराला ल्यूट, हार्प आणि नक्षीकाम केलेली मोठी विहुएला (गिटारची चुलत आजी म्हणा) अशी वाद्यं बनवून दाखवता यायला हवीत, पास झाला तरच दुकान उघडायचा हक्क. पुढे एकोणिसाव्या शतकात हे नियम चालवणारे कारागिरांचे संघ मोडीत निघाले, परीक्षा गेली, पण पायऱ्या तशाच राहिल्या: आधी आप्रेंदिस म्हणजे शिकाऊ पोरगा, मग ओफिसियाल म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात काम करणारा तयार कारागीर, आणि शेवटी माएस्त्रो, ज्याचं नाव लेबलवर. बहुतेकांचं आयुष्य मधल्या पायरीवरच जायचं, आणि ज्यांची नावं आपण आज घेतो ते म्हणजे तिसऱ्या पायरीवर पोचलेले मूठभर.

शिकाऊ पोरगा यायचा बारा-चौदा वर्षांचा. पहिलं काम काय तर झाडू मारणं, सरस गरम करणं, अवजारांना धार लावणं. हाडा-कातड्याचा सरस थेट विस्तवावर ठेवला की करपतो आणि कामातून जातो, म्हणून पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करायचा, फार दाट नको, फार पातळ नको. ऐकायला किरकोळ वाटतं पण हा सरस लावल्यावर काही सेकंदांतच थंड व्हायला लागतो, तेवढ्यात सांधा बसला पाहिजे, म्हणजे पोराला सुरुवातीलाच दोन गोष्टी हातात बसतात, एक म्हणजे आधी सगळी तयारी करून ठेवायची आणि दुसरं म्हणजे घाबरायचं नाही.

बरं, शिकायचं काय असतं नेमकं? गिटार म्हणजे शेवटी एक पोकळ खोकाच ना, चांगला सुतार तो आठवडाभरात बनवेल की. हा प्रश्न मलाही पडायचा, आणि उत्तर समोरच्या फळीत आहे. तारा छेडल्यावर आवाज येतो तो तारांचा नसतोच जवळजवळ, तार एवढीशी, ती हवा किती हलवणार? तार ब्रिजला (फळीवर चिकटवलेली, तारा बांधायची लाकडी पट्टी) हलवते, ब्रिज समोरच्या फळीला हलवतो, आणि ती फळी हवा ढकलते. म्हणजे फळी जितकी हलकी आणि लवचिक तितका आवाज मोकळा. पण त्याच फळीवर नायलॉनच्या सहा तारा मिळून साधारण ४० किलोचा ताण दिवसरात्र असतो. पातळ केली तर गाते छान पण काही वर्षांत ब्रिजपाशी फुगते, नाहीतर तडकते. जाड ठेवली तर शंभर वर्षं टिकेल आणि शंभर वर्षं गप्प बसेल. हा सगळा खेळ चालतो साधारण दोन ते अडीच मिलिमीटरमध्ये, आणि तोही प्रत्येक फळीला वेगळा, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. मापाची पट्टी घेऊन हे होत नाही, म्हणून तर वर्षं लागतात.

फळी पातळ करताना कारागीर काय करतो ते जरा बारकाईनं सांगतो. लाकूड स्प्रूसचं, मध्य युरोपातल्या डोंगरात थंडीत सावकाश वाढलेलं, म्हणून त्याच्या रेषा जवळजवळ आणि सरळ. ओंडका मध्यातून बाहेर असा फाकीसारखा कापलेला, म्हणजे रेषा फळीला उभ्या येतात. पुस्तक उघडावं तशा दोन फळ्या उघडून मध्ये जोडायच्या आणि मग रंधा घेऊन बसायचं. थोडं काढायचं, फळी दोन्ही हातात आडवी धरून हलकेच वाकवून बघायची, मग उभी वाकवून बघायची, एका कोपऱ्याला चिमटीत धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं टकटक करून ऐकायचं, परत थोडं काढायचं. आडवी वाकवताना ती सैल लागायला लागली की थांबायचं, आणि थांबायचं कधी हेच तर कुणी सांगू शकत नाही. एक हात जास्त रंधा फिरला तर तो काही परत लावता येत नाही. मग ती फळी गेली, किंवा मग आतल्या पट्ट्या जरा जाड ठेवून सांभाळून घ्यायचं.

त्या आतल्या पट्ट्या म्हणजे दुसरी भानगड. फळीच्या आतल्या बाजूला, भोकाच्या खालच्या भागात, हातपंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या चिकटवतात. त्या फळीला आधार पण देतात आणि आवाज कुठून कुठे पसरणार ते पण ठरवतात. अशा पट्ट्या अठराव्या शतकातल्या अंदालुसियाच्या, म्हणजे दक्षिण स्पेनच्या, गिटारींमध्ये पण सापडतात, पण सात पट्ट्या, मोठं पोट, ६५० मिलिमीटरची तार, फुगीर फळी, हे सगळं एकत्र नीट बसवून दाखवलं ते आंतोनियो दे तोरेसनं. आज तुम्ही कुठल्याही दुकानात जाऊन नायलॉन तारांची गिटार उचला, तिचा आकार थोड्याफार फरकानं तोरेसचाच असतो.

तोरेसचं करिअर सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, कारण गितारेरोच्या धंद्यात पैसा किती कच्चा आहे ते त्याच्याइतकं कुणाच्या आयुष्यात दिसत नाही. जन्म १८१७, आल्मेरियाजवळचं एक गाव. बाराव्या वर्षी सुतारकामाला लागला, लवकर लग्न, कर्ज, बायको क्षयानं गेली, मग १८४५ च्या सुमारास सेव्हिलला आला. तिथे गिटार बनवायला लागला तो तिशी ओलांडल्यावर, म्हणजे उशिराच म्हणायचं. १८५८ मध्ये सेव्हिलच्या प्रदर्शनात ब्राँझ मेडल मिळालं, खुलियान आर्कास तेव्हाचा नामांकित वादक त्याची गिटार वाजवायचा, पुढे फ्रान्सिस्को तार्रेगानंही त्याचीच घेतली. आता माणूस म्हणेल झालं की, सेटल झाला. तर कसलं काय, १८७० च्या आसपास तोरेसनं गिटारचं काम बंद केलं, गावाकडे आल्मेरियाला परत गेला आणि चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं! जगातला त्या काळचा सगळ्यात भारी गिटार कारागीर कपबश्या विकत बसला होता काही वर्षं. १८७५ च्या सुमारास परत गिटारकडे वळला, आणि लेबलवर छापलं ‘दुसरा काळखंड’. मला हे फार आवडतं, काहीही लपवलं नाही, मध्ये गॅप होती ती सरळ लेबलवरच टाकली.

त्याच तोरेसनं १८६२ मध्ये एक भन्नाट उद्योग केला. एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, फक्त समोरची फळी स्प्रूसची ठेवली. हे दाखवायला की आवाज येतो तो समोरच्या फळीतून, बाकीचं लाकूड कितीही महाग असो, त्याचा वाटा कमी. ती पुठ्ठ्याची गिटार अजून आहे, बार्सिलोनाच्या संगीत म्युझियममध्ये. आज लोक महागड्या रोजवूडच्या पाठीसाठी लाख-लाख रुपये जास्त मोजतात ना, त्यांना या गिटारचा फोटो दाखवायला पाहिजे. अर्थात पाठीनं फरक पडतच नाही असं नाही, पडतो, पण लोक समजतात तेवढा नाही, असं माझं मत.

तोरेसनं हाताखाली माणसं घेऊन मोठं वर्कशॉप काढलंच नाही. म्हातारपणी हात थरथरायला लागले तेव्हा त्याच्या ओळखीचा एक धर्मगुरू त्याला चिकटवाचिकटवीत मदत करायचा. त्याच धर्मगुरूनं नंतर लिहून ठेवलंय की तोरेसच्या म्हणण्यानुसार गुपित असं काही नव्हतंच, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या टोकाला फळीची जाडी कळते, बस, आणि ते काही दुसऱ्याला देता येत नाही. १८९२ मध्ये तो गेला. आयुष्यभरात अंदाजे ३२० गिटारी. चाळीसेक वर्षांतून मधला बंद काळ वजा करा, म्हणजे वर्षाला सरासरी दहाच्या आसपास.

आणि हा वर्षाला दहाचा आकडा आजही फार बदललेला नाही. एकटा माणूस हातानं काम करत असेल तर वर्षाला दहा, बारा, फार फार तर वीस. त्याच्यावर लाकूड आधी विकत घेऊन ठेवायचं, आणि ते वाळायला वर्षानुवर्षं पडून राहणार, म्हणजे आज घातलेला पैसा उद्या नाही, दहा वर्षांनी परत येणार. दुकानाचं भाडं वेगळं. गिऱ्हाईक कोण? तर वादक, आणि वादकांच्या खिशाबद्दल जास्त बोलायला नको. म्हणून धंदा वाढवायचा तर एकच मार्ग उरतो, हाताखाली माणसं घ्यायची आणि नाव आपलं लावायचं. इथून ते लेबलचं प्रकरण येतं.

रामिरेझ घराण्यात हे सगळ्यात ठळक दिसतं. खोसे रामिरेझ पहिला, जन्म १८५८, माद्रिदमध्ये फ्रान्सिस्को गोन्सालेसकडे शिकला आणि मग स्वतःचं दुकान काढलं. धाकटा भाऊ मानुएल त्याच्याकडेच शिकला. मानुएल म्हणाला मी पॅरिसला जाऊन धंदा करतो, आणि मग पॅरिसला न जाता माद्रिदमध्येच दुकान थाटलं, भावाच्याच गिऱ्हाइकांसमोर. झालं, दोघं भाऊ आयुष्यभर एकमेकांशी बोलले नाहीत असं घराण्यातच सांगतात. मानुएलकडे कामाला होते सान्तोस एर्नांदेझ, दोमिंगो एस्तेसो आणि मोदेस्तो बोर्रेगेरो, म्हणजे पुढे जे तिघं स्वतः नावारूपाला आले ते. सेगोव्हिया तरुणपणी मैफलीसाठी गिटार भाड्यानं मागायला याच दुकानात गेला होता, आणि त्याचं वाजवणं ऐकून मानुएलनं ती तशीच देऊन टाकली, ही गोष्ट सेगोव्हियानं स्वतःच सांगितलेली आहे. मोठेपणा मानुएलचा खराच, पण ते ऐकताना मला सान्तोस डोळ्यासमोर येतो, मागच्या खोलीत काम करत असलेला.

मानुएल १९१६ मध्ये वारला. मग काय झालं? दुकान बंद? छे, नवीन लेबल छापलं: ‘मानुएल रामिरेझची विधवा’. काम तेच तिघं करत होते, नाव बाईंच्या नावानं मालकाचंच चाललं. पुढे एस्तेसो बाहेर पडला, सान्तोस बाहेर पडला, ज्यानं त्यानं आपापलं दुकान काढलं. आणि १९३७ मध्ये एस्तेसो गेल्यावर परत तोच प्रकार, लेबल आलं ‘दोमिंगो एस्तेसोची विधवा आणि भाचे’. हे भाचे म्हणजे कोंदे बंधू, त्यांनीच पुढे कोंदे एर्मानोस नाव लावलं आणि पाको दे लुसियासारख्या फ्लामेंको वादकाच्या हातात त्यांची गिटार गेली. आज कोंदेंच्या पुढच्या पिढीची माद्रिदमध्ये वेगवेगळी दुकानं आहेत, प्रत्येकाचं म्हणणं खरे वारस आम्ही. सान्तोस गेला १९४३ मध्ये, त्याच्या बायकोसाठी मार्सेलो बार्बेरोनं काम केलं. बार्बेरो १९५६ मध्ये गेला, तर त्याचा शिष्य आर्कान्खेल फर्नांदेझ पुढे चालला, आणि नंतर याच आर्कान्खेलनं गुरूच्या मुलाला काम शिकवलं. वडिलांचं कसब मुलाला मिळालं खरं, पण व्हाया शिष्य.

कारागिराच्या मरणानंतर नाव बदलायला लोक इतके का घाबरत होते? कारण गिऱ्हाईक नावावर यायचं. बाहेरून बघून गिटार चांगली की वाईट हे कळतच नाही हो, आणि नवीन स्प्रूसची गिटार तर आज वाजते त्यापेक्षा पाच वर्षांनी वेगळी वाजणार, मोकळी होत जाते ती. मग घेणारा विश्वास कशावर ठेवणार, तर लेबलवरच. त्यामुळे विधवेच्या नावावर दुकान चालू ठेवणं हे भावनेचं कमी आणि व्यवहाराचं जास्त.

हाच व्यवहार खोसे रामिरेझ तिसऱ्यानं एका वेगळ्याच उंचीवर नेला. (दुसऱ्या खोसेची पण मजा आहे, हा तरुणपणी वाद्यवृंदाबरोबर दक्षिण अमेरिकेत दौऱ्यावर गेला आणि वीसेक वर्षं तिकडेच राहिला, बाप गेल्यावर मग दुकान सांभाळायला परत आला.) तिसरा खोसे, १९२२ चा जन्म, याचं डोकं प्रयोगाचं होतं. १९६० च्या दशकात त्यानं स्प्रूसऐवजी अमेरिकेतल्या रेड सीडरची फळी वापरायला सुरुवात केली, ती मऊ, हलकी, आणि पहिल्या दिवसापासूनच गोड बोलते. तारेची लांबी पण वाढवली, ६६४ मिलिमीटर. त्याच सुमारास सेगोव्हिया परत रामिरेझ वाजवायला लागला आणि मग काय विचारता, अमेरिका-जपानमधून ऑर्डरींचा पाऊस. एकट्यानं वर्षाला दहा बनवून ते भागणारच नव्हतं, मग ओफिसियाल वाढले, शिकाऊ पोरं वाढली, गिटारींची प्रतवारी सुरू झाली, पहिल्या दर्जाची, दुसऱ्या दर्जाची, विद्यार्थ्यांसाठीची.

इथे एक गोष्ट मात्र मला न्यायाची वाटते. पहिल्या दर्जाची गिटार ज्या कारागिरानं बनवली त्याच्या नावाची अक्षरं आत छोट्या शिक्क्यानं उमटवलेली असायची. लेबल खोसे रामिरेझचं, पण आत कोपऱ्यात कुठेतरी दोन अक्षरं. हेतू हाच की काही बिघाड निघाला तर कुणाचं काम ते कळावं. पण आज जुन्या गिटारी गोळा करणारे लोक भोकातून आरसा आणि टॉर्च घालून तीच दोन अक्षरं शोधतात, आणि कुणाची अक्षरं आहेत त्यावर भाव वरखाली होतो. पी. बी. असेल तर पाउलिनो बेर्नाबे, एम. सी. असेल तर मानुएल कोंत्रेरास. दोघंही नंतर बाहेर पडले, कोंत्रेरास १९६२ मध्ये, बेर्नाबे १९६९ मध्ये, आणि दोघांनीही स्वतःच्या नावाची दुकानं चालवली. म्हणजे रामिरेझचं वर्कशॉप हे एका अर्थानं कॉलेजच झालं, फी भरायची नाही, उलट पगार मिळतो, फक्त डिग्रीवर नाव दुसऱ्याचं.

बांधणीची पद्धत पण इथेच सांगून टाकतो कारण स्पॅनिश म्हणतात ते याच्यामुळे. व्हायोलिनमध्ये आधी पोट बनतं आणि मग मान वेगळी करून बसवतात. स्पॅनिश पद्धतीत मानेच्या बुडालाच खाचा असतात, आणि गरम लोखंडी नळीवर पाणी लावून वाकवलेल्या बाजूच्या पट्ट्या सरळ त्या खाचांत घुसवतात. सगळी गिटार पालथी बांधतात, सोलेरा नावाच्या गिटारच्याच आकाराच्या जाड फळीवर, जिच्यात फळीच्या फुगवट्यासाठी थोडा खोलगटपणा कोरलेला असतो. समोरची फळी खाली तोंड करून, तिला मान चिकटलेली, मग बाजू उभ्या करायच्या आणि त्या फळीला जोडायला लाकडाचे छोटे छोटे त्रिकोणी ठोकळे एकेक करून बोटानं दाबून बसवायचे, त्यांना पेओनेस म्हणतात. एक ठोकळा, सरसाचा ठिपका, दाबून धरा, सोडा, पुढचा. सगळ्या कडेनं. शिकाऊ पोराची कित्येक दुपार या ठोकळ्यांतच जाते. शेवटी पाठ लावून खोका बंद. यात मोठं साचे-शिकंज्याचं सामान लागत नाही, गरीब सुताराला परवडणारी पद्धत आहे ही, पण मानेचा कोन सुरुवातीलाच ठरतो आणि नंतर सुधारायला फारसा वाव नाही, चुकला तर तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उंच राहतात आणि वाजवणाऱ्याची बोटं दुखतात.

लाकडाकडे आलो तर आपला पण संबंध येतो. स्पेनमधल्या क्लासिकल गिटारची पाठ आणि बाजू पूर्वी ब्राझीलच्या रोजवूडची करायचे, ते झाड इतकं तोडलं गेलं की १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास बंदीच आहे. त्याची जागा घेतली ती भारतीय रोजवूडनं, म्हणजे आपला शिसव. आजीच्या घरातल्या काळसर जांभळट शिसवी पलंगाचं लाकूड, सह्याद्रीत आणि दक्षिणेत होणारं, तेच माद्रिदच्या आणि ग्रॅनाडाच्या वर्कशॉपमध्ये दोन मिलिमीटरच्या फळ्या होऊन भिंतीला टेकून उभं असतं. २०१७ मध्ये रोजवूडच्या सगळ्या जातींवर कागदपत्रांचं बंधन आलं तेव्हा एकेकटे काम करणारे कारागीर अक्षरशः मेटाकुटीला आले, एक गिटार परदेशी पाठवायची तर परवाना काढा. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून बरीच सूट मिळाली. पॉलिश पण आपलंच की, लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं गोल गोल हात फिरवत शेकडो पातळ थर द्यायचे, फर्निचरवाले ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात तेच. लाखेचं मोठं उत्पादन झारखंड-छत्तीसगडकडचं. लवकर ओरखडे पडतात, घामानं पांढरं होतं, तरी चांगले कारागीर हेच वापरतात कारण याचा थर इतका पातळ की फळीचा आवाज दबत नाही.

फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचं गाणं-नाच, त्याच्या गिटारीला मात्र शिसव नको, तिथे पाठीला सायप्रस, स्पेनमध्येच होणारं पिवळसर हलकं लाकूड. सुरुवातीला कारण साधं होतं, स्वस्त पडायचं आणि जिप्सी वादकांना परवडायचं. मग त्या लाकडाचा जो कोरडा, झटकन येऊन झटकन संपणारा आवाज होता तोच फ्लामेंकोचा आवाज ठरला. आता चांगलं सायप्रस काही स्वस्त राहिलेलं नाही.

माद्रिदबाहेर जे दुसरं मोठं केंद्र ते ग्रॅनाडा. अलाम्ब्राच्या राजवाड्याकडे चढत जाणारी कुएस्ता दे गोमेरेस नावाची गल्ली, तिच्यात गिटारवाल्यांची दुकानं. तिथले बरेच जण आधी फर्निचरवाले सुतार होते, आंतोनियो मारिन मोंतेरो हे त्यातलं मोठं नाव. त्यांच्याकडे १९७० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसहून रोबेर बुशे आले, मूळचे चित्रकार, आणि दोघांनी शेजारी बसून काम केलं. मला हे भारी वाटतं कारण बुशेंनी विद्या घेतली होती पॅरिसमध्ये राहिलेल्या एका माद्रिदच्या कारागिराकडून, म्हणजे माद्रिदची विद्या पॅरिस फिरून ग्रॅनाडात उतरली. आता त्या शहरात जर्मन, डच, कॅनेडियन असे कितीतरी कारागीर येऊन स्थायिक झालेत आणि लेबलवर गाव ग्रॅनाडा, आडनाव भलतंच.

बाहेरून या धंद्यात येण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे खोसे लुईस रोमानियोस. माद्रिदला जन्म १९३२ चा, सुतारकाम शिकलेला, १९५६ मध्ये इंग्लंडला गेला आणि तिथे मनोरुग्णांच्या हॉस्पिटलमध्ये नर्सचं काम केलं. गिटार बनवायला लागला तो १९६१ मध्ये, घरच्या घरी, कुणाही माएस्त्रोच्या हाताखाली न राहता. शिकला कशावरून तर जुन्या गिटारी मोजून, खास करून तोरेसच्या. पुढे इंग्लिश गिटारवादक ज्युलियन ब्रीमनं त्याला आपल्या जागेत वर्कशॉप दिलं, ब्रीम त्याची १९७३ ची गिटार वर्षानुवर्षं वाजवत होता, आणि तोरेसचं सविस्तर चरित्र पण याच माणसानं लिहिलं. १९९० च्या दशकात स्पेनला परत येऊन कोर्स घ्यायला लागला, जगभरातून लोक यायचे. तो २०२२ मध्ये गेला.

आज कुणी चौदाव्या वर्षी झाडू मारायला येत नाही, कायदाही येऊ देणार नाही, आणि एकट्या कारागिराला शिकाऊ मुलाचा पगार परवडत पण नाही. त्यामुळे सध्याचा मार्ग म्हणजे कोर्स करायचा, पैसे भरून, एक गिटार बांधून घरी न्यायची आणि मग स्वतःच्या गॅरेजमध्ये चुका करत बसायचं. लेबल पहिल्या दिवसापासून स्वतःचं, हा फायदा. तोटा असा की सान्तोसला दुसऱ्याच्या नावाखाली जितक्या गिटारी बांधायला मिळाल्या, चुका मालकाच्या खर्चानं करायला मिळाल्या, तितक्या या नव्या लोकांना मिळत नाहीत. व्हॅलेन्सिया आणि आलिकान्तेकडच्या फॅक्टऱ्या वर्षाला हजारोंनी स्पॅनिश गिटारी काढतात आणि विद्यार्थ्यांसाठी त्या खरंच चांगल्या असतात, त्यामुळे स्वस्त गिटार बनवून पोट भरायची वाट बंद झालीये. काही हजार युरोंची एकेक गिटार विकायची तर नाव लागतं, आणि नाव व्हायला गिटारी विकल्या गेल्या पाहिजेत. बरेच जण मधली वर्षं रिपेअरवर काढतात. त्यात पैसे कमी, पण जुनी गिटार उघडली की दुसऱ्याचं काम आतून बघायला मिळतं, फळी कुठे किती पातळ ठेवलीये, पट्टीचं टोक कुठे उतरतं केलंय, आणि हे सगळं मोजून वहीत लिहून ठेवता येतं.